मदत हवी आहे: टाकीतून निसटलेला न्यूट कसा शोधावा?

नमस्कार. आम्ही जपानमध्ये योकोहामाला राहतो. गेली तीन वर्षे आमच्याकडे लाल पोटाचा जपानी न्यूट आहे. इथे त्याला ‘आकाहारा इमोरी’ म्हणतात. बेडकासारखाच हा उभयचर, पण शेपटी असलेला. काल संध्याकाळी पाणी बदलल्यावर टाकीचे झाकण कोपऱ्यात बोटभर उघडे राहिले आणि ओल्या अंगाने काच चढणाऱ्या या प्राण्याला तेवढी फट पुरली. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला फक्त त्याच्या पोटाचा वाळलेला ओघळ दिसत होता.

फ्रिजखाली, कपाटांमागे, न्हाणीघरात, अगदी बुटांच्या आतही पाहून झाले. त्वचा कोरडी पडली तर तो फार काळ तग धरणार नाही, ही माझी खरी चिंता आहे. आज रात्री दिवे मालवून, भिंतीलगत ओले टॉवेल अंथरून, विजेरी घेऊन शोधायचे ठरवले आहे, कारण हे प्राणी अंधारात हिंडतात आणि ओलावा शोधतात. या उपायाचा कुणाला अनुभव आहे का? एसी बंद ठेवावा का? तो धुळीने माखलेला, सुकलेला सापडला, तर त्याला क्लोरीन काढलेल्या थंड, उथळ पाण्यात ठेवणे योग्य ठरेल का?

त्याच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन हे फुगू माशातलेच विष असते, म्हणून मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवले आहे. मुलगी सकाळपासून रिकाम्या टाकीपाशी बसून आहे. कृपया लवकर कळवावे.