मदत हवी आहे: स्टेंट चढवला की कॅथेटर दुसऱ्या वळणावर अडकायलाय

वाळूज_आरएनडी (सोमवार, रात्री ११.४०)
हृदयाच्या धमनीत स्टेंट (धातूची जाळी) पोचवणारी रॅपिड एक्स्चेंज डिलिव्हरी सिस्टिम, म्हणजे वायर फक्त पुढच्या भागातून जाते असा बलून कॅथेटर, स्टेंट ३.० × १८ मिमी. नुसता बलून ट्रॅक फिक्स्चरमधून (धमनीसारख्या वळणांचा चाचणीमार्ग) ०.६ न्यूटनला आरामात जातो. स्टेंट त्यावर क्रिम्प केला (दाबून बसवला) की दुसऱ्या वळणावर २.१ न्यूटन. टिप तीनदा बदलली, पेबॅक्स प्लास्टिक ६३ डी वरून मऊ ५५ डी वर आलो, फरक शून्य. शुक्रवारी डिझाइन रिव्ह्यू आहे. टिप अजून मऊ करावी का, एवढंच सांगा.

क्यूए_ताई
टिपचं नंतर बघू. आधी एवढं सांगा: फिक्स्चर कोरडं की ३७ अंशांच्या पाण्यात? गायडिंग कॅथेटर (बाहेरची वाट देणारी नळी) किती फ्रेंचचा, म्हणजे किती जाडीचा? कॅथेटर जिच्यावरून सरकतो ती वायर कोणती, आणि एकच वायर किती सॅम्पलना वापरली? सॅम्पल ईटीओच्या (वायूनं निर्जंतुक करण्याच्या) आधीचे की नंतरचे? क्रिम्पनंतरचा प्रोफाइल (बाहेरचा व्यास) किती? यातलं एकही न लिहिता "अडकायलाय" म्हणाल तर उत्तर देणारा अंदाजच बांधणार.

फुगा_ब्लोइंग
बलून पीईटी प्लास्टिकचा करून बघा. भिंत पातळ राहते, प्रोफाइल कमी होतो, दाब जास्त सोसतो. नायलॉन १२ कितीही ताणला तरी तेवढा पातळ निघत नाही.

गोदाकाठ
@फुगा_ब्लोइंग दादा, त्यांनी मटेरियल विचारलंच नाही. शिवाय स्टेंटखाली पीईटी घालायचा म्हणजे स्ट्रटच्या (जाळीच्या काडीच्या) कडेनं पिनहोल पडायची भीती. घडीही कडक बसते, स्टेंट घट्ट धरत नाही. नॉन-कम्प्लायंट पोस्ट-डायलेशन बलूनला (स्टेंट बसल्यावर वापरतात तो, फारसा न ताणणारा) पीईटी चांगला, इथं नको.

वाळूज_आरएनडी
@क्यूए_ताई ३७ अंश पाणी, ६ फ्रेंच गायडिंग, ०.०१४ इंची वायर. वायर... सगळ्या बारा सॅम्पलना एकच. ईटीओच्या आधीचे. प्रोफाइल १.१२ मिमी. बलून नायलॉन १२, तीन घड्या. इनर (वायर जाते ती आतली नळी) तीन थरांचा, आत एचडीपीई, बाहेर पेबॅक्स, आतला व्यास ०.४२ मिमी. आउटर (बाहेरची नळी) ०.८७ मिमी.

क्यूए_ताई
बारा सॅम्पलना एक वायर चालणार नाही. वळणात पुन्हा पुन्हा वापरली की तिला बाक बसतो, कोटिंगही निघतं. मग शेवटच्या सॅम्पलचा आकडा कॅथेटरचा नसतो, वायरचा असतो. दर सॅम्पलला नवी घ्या. परवडत नसेल तर निदान तीन सॅम्पलनंतर बदला आणि क्रम उलटसुलट ठेवा.

कोटिंग_हाच_उपाय
हायड्रोफिलिक (ओलं झालं की घसरणारं) कोटिंग लावलंय का? पीव्हीपीचं, यूव्हीवर क्युअर होणारं. डिस्टल (पुढच्या) शाफ्टपासून टिपपर्यंत सगळीकडे लावा. बळ निम्म्यावर येतं.

गोदाकाठ
सगळीकडे कसं लावता? स्टेंट बसतो त्या बलूनवर घसरतं कोटिंग लावलं तर स्टेंट निसटेल. वळणात अडकलेला कॅथेटर परत ओढताना स्टेंट बाहेरच सुटला, तर रुग्णाच्या धमनीत काय होईल याचा विचार करा. शाफ्टला आणि टिपला लावा, स्टेंटचा भाग झाकून. आणि आत्ताचा प्रश्न कोटिंगचा आहे हे कशावरून? नुसता बलून ०.६ ला जातोय. शाफ्ट दोन्हीकडे तोच आहे.

कोटिंग_हाच_उपाय
घर्षण कमी झालं की सगळंच कमी होतं, एवढंच म्हणणं आहे.

गोदाकाठ
कमी होईल, पण दोष झाकला जाईल. वाळूजवाले, नुसता कमाल आकडा सांगू नका. बळ विरुद्ध अंतर हा आलेख काढा. दुसऱ्या वळणाला टिप टेकते तो बिंदू शून्य धरा आणि तिथून किती मिमीवर बळ चढतं ते लिहा. सोबत टिप, कोन (बलूनची निमुळती टोकं), स्टेंट, बाँड (बलून शाफ्टला जोडतात तो सांधा) यांची मापं द्या. कोणता भाग वळणात शिरताना अडतोय हे आलेखच दाखवतो. आठवडाभर टिपा बदलत बसण्यापेक्षा हे एका तासाचं काम आहे.

लातूरकर
माफ करा, विषय थोडा वेगळा आहे. वडिलांना मागच्या महिन्यात स्टेंट टाकला. तो फुगा आत तसाच राहतो का? घरी सगळे हेच विचारायलेत.

क्यूए_ताई
@लातूरकर नाही. फुगा फुगवून स्टेंट धमनीच्या भिंतीला बसवतात, मग फुगा आकसवून कॅथेटरसकट बाहेर काढतात. आत फक्त धातूची जाळी राहते. डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं कार्ड मिळालं असेल ते जपून ठेवा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

लातूरकर
आभारी आहे ताई. बिलात स्टेंटचे वेगळे पैसे लावलेत, ते कसे ठरतात?

फुगा_ब्लोइंग
सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत बांधली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेल्या औषधी स्टेंटला २९,६०० रुपये होती, कर वेगळा. पुढं ती बदलत गेली. बिलावरचा आकडा एनपीपीएच्या (औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था) यादीशी ताडून पाहा.

वाळूज_आरएनडी (मंगळवार, संध्याकाळी)
आलेख काढला, दर सॅम्पलला नवी वायर घेऊन. टिप डिस्टल नेकसकट (नेक म्हणजे बलूनच्या टोकाची सरळ मान) ३ मिमी, डिस्टल कोन आणि खांदा ४, स्टेंट १८, प्रॉक्सिमल (मागचा) कोन ३, त्यामागे बाँड ४ मिमी. शून्यापासून ७ मिमीपर्यंत काहीच नाही. ७ ला बळ चढतं आणि २५ पर्यंत १.९ च्या आसपास सपाट राहतं. मग २८ ते ३० मध्ये अजून एक टोक, २.१.

गोदाकाठ
मग टिप सुटली. टिप अडली असती तर पहिल्या ३ मिमीतच दिसलं असतं. तुमच्याकडे दोन दोष आहेत, एकावर एक चढलेले. ७ ते २५ म्हणजे बरोबर स्टेंटची लांबी. २८ ते ३० म्हणजे प्रॉक्सिमल बाँड.

आधी सपाट भागाचं बघा. क्रिम्प करताना इनरमध्ये मँड्रेल (आधाराची बारीक सळई) घालता का, आणि किती मापाचं?

साचाकार
मध्येच बोलतो. माझ्या मते कोअर वायर (शाफ्टमधली ताठ तार) लहान पडत असेल. हायपोट्यूब (मागची धातूची नळी) संपल्यावर ही निमुळती तार आरएक्स पोर्टच्या (गायडवायर बाजूनं बाहेर पडते ते भोक) पुढं काही सेंटिमीटर गेली नाही, तर मागून दिलेला रेटा पोर्टपाशीच विरतो, शाफ्ट वाकतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी फिक्स्चर नीट करून घ्या आणि पुढच्या टोकालाही लोड सेल (बळ मोजणारा सेन्सर) लावा. मागं किती दिलं, पुढं किती पोचलं, हे कळलंच पाहिजे.

गोदाकाठ
पुढं लोड सेल हवाच, पटलं. पण रेटा विरत असेल तर बळ अंतराबरोबर हळूहळू वाढत जातं. स्टेंटच्या लांबीएवढंच सपाट आणि मग टोक, असं होत नाही. आणि नुसत्या बलूनलाही तीच कोअर वायर आहे.

वाळूज_आरएनडी
मँड्रेल आहे. ०.३६ मिमी, वायरच्याच मापाचं. वायर जाते म्हणजे चालेल असं धरलं होतं.

गोदाकाठ
इथंच अडलंय. ०.३६ च्या मँड्रेलवर क्रिम्परचे जबडे दाबले की ०.४२ चा इनर त्याच्यावर येऊन बसतो. जबडे सुटले तरी पूर्ण परत येत नाही, वर घट्ट स्टेंट असतो ना. सरळ धरल्यावर वायर जाते, वळणात ती आतल्या भिंतीला टेकते आणि धरली जाते. बाहेरच्या भिंतीचं घर्षण नाही हे, आतलं आहे. म्हणून टिप आणि कोटिंग कितीही बदललं तरी हा सपाट भाग हलणार नाही.

असं तपासा. क्रिम्प केलेल्या सॅम्पलमध्ये टिपकडून ०.३८, ०.३९, ०.४० च्या पिन एकेक करून हलकेच सरकवा, रेटू नका. १८ मिमीच्या अंतरानं दोनच ठिकाणी अडली तर इनरवरचे प्लॅटिनम-इरिडियमचे मार्कर (एक्स-रेत दिसणारे पट्टे) जास्त स्वेज झालेत, म्हणजे दाबले गेलेत. पूर्ण लांबीत अडली तर क्रिम्प. मग एक सॅम्पल इपॉक्सीत बसवून आडवा कापा, घासून पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली बघा.

क्यूए_ताई
मँड्रेल ०.४० चं घ्या, पीटीएफई कोटिंगचं, नाहीतर क्रिम्पनंतर बाहेर निघता निघत नाही. एकदम न दाबता टप्प्याटप्प्यानं दाबा. औषधी स्टेंट असेल तर जबडे तापवताना सांभाळा. पॉलिमर मऊ पडला की कोटिंग जबड्यांना चिकटून सोलतं.

वाळूज_आरएनडी (बुधवार)
पिन ०.३८ चीसुद्धा स्टेंटच्या पूर्ण लांबीत अडली. काप बघितला. भोक गोल राहिलंच नाही, कोपरे गोलसर असलेला त्रिकोण झालाय. तीन घड्यांचे तीन ठसे इनरवर स्पष्ट उठलेत, मधे वायरला जेमतेम जागा. ०.४० च्या मँड्रेलवर सहा सॅम्पल केले. सपाट भाग १.९ वरून ०.९ वर आला. २९ चं टोक मात्र १.४ वर तसंच उभं. नुसत्या बलूनलाही तोच बाँड आहे, मग तिथं का दिसत नाही?

गोदाकाठ
नुसत्या बलूनमध्ये बाँडच्या पुढचा सगळा भाग मऊ असतो, तो वळणाप्रमाणे झुकतो आणि बाँड मागोमाग येतो. स्टेंट बसला की पुढं १८ मिमीचा ताठ तुकडा, मधे ३ मिमी कोन, मागं ४ मिमी ताठ बाँड. कोन बिजागरीसारखा मोडतो, बाँडची कड वळणाच्या बाहेरच्या भिंतीत रुतते.

बाँड ४ वरून २ मिमीवर आणा. तापत्या जबड्यांऐवजी लेझर असेल तर कडा उतरती करता येते. बलूनची प्रॉक्सिमल नेक किती जाड आहे ते मोजा. ब्लोइंगमध्ये नेक ताणली जात नाही, अंगापेक्षा बरीच जाड राहते. ती सेंटरलेस ग्राइंडिंगनं कमी करून मगच जोडा.

फुगा_ब्लोइंग
हे माझ्या कामाचं. नेक घासायची तर बलून फुगवण्याआधी पॅरिसनवर (जिच्यातून बलून फुगवतात त्या नळीवर) घासा. तयार बलूनच्या नेकवर चाक लावलं तर कोनला ओरखडा जातो आणि बर्स्टमध्ये (फुटेपर्यंत दाब देण्याच्या चाचणीत) तिथूनच फाटतो. आणि सध्या हवेत ओल आहे. पेबॅक्सचा आउटर आणि नायलॉनची नेक जोडण्याआधी नीट वाळवा, नाहीतर बाँडमध्ये बुडबुडे येतील.

क्यूए_ताई
बाँड अर्धा करताय तर त्याची ताकद पुन्हा मोजावी लागेल. ०.८७ मिमीच्या शाफ्टला आयएसओ १०५५५-१ या कॅथेटरच्या मानकाप्रमाणे किमान ५ न्यूटन. पाण्यात ठेवून ओढा, कोरडा नाही. बर्स्टला बलून अंगावर लांबीच्या दिशेनं फाटला पाहिजे. बाँडपाशी किंवा आडवा फाटला तर तो सॅम्पल नापास. मँड्रेल मोठं झालं म्हणजे स्टेंटची पकडही बदलली, तेव्हा एएसटीएम एफ २३९४ ची निसटण्याची चाचणी नव्यानं करा. मागच्या आकड्यांवर शुक्रवारी उभं राहू नका. आणि हे सगळं ईटीओनंतरच्या सॅम्पलवर. त्या उष्णतेनं आणि दमटपणानं घड्या थोड्या सैल होतात, प्रोफाइल वाढतो.

वाळूज_आरएनडी (गुरुवार, पहाटे)
२ मिमी बाँडचे पाच सॅम्पल ट्रॅक केले. टोक १.० वर आलं. दोन ओढून बघितले, ७ न्यूटनच्या वर तुटले, दोन्ही शाफ्टमध्ये, बाँड शाबूत. ईटीओची बॅच आज जातेय, तिचे आकडे शुक्रवारपर्यंत येणार नाहीत. रिव्ह्यूत तेवढं उघडं ठेवतो. टिप परत ६३ डी ची केली.

क्यूए_ताई
टिप परत केलीत ते बरं झालं. ५५ डी ची कड वायरवरून उचलली जाऊन स्टेंटच्या स्ट्रटला अडायची शक्यता जास्त. ईटीओचे आकडे आले की इथंच टाका, सपाट भाग आणि टोक वेगवेगळे लिहून.