पंजाबने भात सोडावे, पण त्याची किंमत कोणी मोजावी?

शिवार (चर्चेचा प्रस्ताव; सर्व लेखकांची नावे टोपणनावे आहेत)

दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली की पंजाबच्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. फुकट वीज, हमीभाव आणि वर पराळीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा, धूर, एवढ्यातच त्या राज्याचा निकाल लागतो. माझे म्हणणे असे आहे की, पंजाबातले भात ही तेथील शेतकऱ्याची निवड कमी आणि देशाने त्याच्या शिवारात लावलेले पीक अधिक आहे. त्यामुळे ते तेथून काढण्याचा खर्चही, भात सोडण्याच्या एकरी मोबदल्याच्या रूपाने, प्रामुख्याने देशानेच उचलला पाहिजे.

1960-61 साली आजच्या पंजाबच्या हद्दीत भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर क्षेत्र होते. आता ते 31 लाखांच्या पुढे गेले आहे. पंजाबी माणसाच्या ताटात मात्र भात आजही पाहुण्यासारखाच येतो. त्याचे अन्न म्हणजे कणक, अर्थात गहू. त्याच्या जोडीला मका, हरभरा, बाजरी. मग हे पीक आले कोठून? फाळणीत लायलपूर आणि माँटगोमेरीच्या कालव्यांखालची समृद्ध जमीन पाकिस्तानात राहिली. हिंदू-शीख शेतकऱ्यांनी सुमारे 27 लाख हेक्टर सोडले आणि इकडे वाटपाला सुमारे 19 लाख हेक्टरच उपलब्ध होते. मोठ्या खातेदाराला मोठी कपात अशा चढत्या दराने तीच जमीन वाटली गेली, पाठोपाठ तुकड्यांचे एकत्रीकरण झाले, 1962 मध्ये लुधियानाचे कृषी विद्यापीठ आणि 1963 मध्ये भाक्रा धरण आले. अमेरिकन गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशाला अशीच चौरस, ओलिताची आणि कष्टाळू हातांतली जमीन हवी होती. 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि खात्रीची खरेदी गहू व तांदूळ या दोनच पिकांना मिळाली. वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चिखलणी करून भात लावण्याचे वेड शेतकऱ्याला आपोआप लागलेले नाही. आज भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीहून अधिक आहे. ते पाणी तांदळाच्या पोत्यांतून देशभरच्या रेशन दुकानांत गेले आहे.

कोरडवाहू

मांडणी भावस्पर्शी आहे, पण ती साधारण 1985 पर्यंतच खरी आहे. 1986 मध्ये अर्थतज्ज्ञ सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने गहू-भाताखालचे 20 टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा, असे पंजाब सरकारला स्पष्ट सांगितले होते. त्यानंतर क्षेत्र घटण्याऐवजी वाढत गेले. 1997 मध्ये शेतीपंपांची वीज फुकट झाली, आणि तो निर्णय चंदीगडला झाला होता, दिल्लीला नव्हे. आज त्या राज्यात जवळपास 14 लाख कूपनलिका आहेत. गहू आणि भाताच्या सरकारी खरेदीवर बाजार शुल्क, ग्रामविकास निधी आणि अडत मिळून साडेआठ टक्के आकारले जात आले आहेत. म्हणजे याच दोन पिकांवर राज्याची तिजोरी आणि अडत्यांची पेढी चालते. हे चक्र थांबू नये असे वाटणारे लोक पंजाबातच, आणि चांगल्या खुर्च्यांवर, बसलेले आहेत.

आणखी एक प्रश्न आहे. यवतमाळचा कापूसवाला किंवा लातूरचा सोयाबीनवाला हमीभाव फक्त वर्तमानपत्रात वाचतो. पन्नास वर्षे खात्रीची खरेदी ज्याच्या वाट्याला आली, त्याला ती सोडण्यासाठी पुन्हा पैसे द्यायचे आणि त्या खर्चात ज्याला ती तशी सातत्याने मिळाली नाही त्याचाही वाटा असायचा, हा न्याय मला पटत नाही.

गोदाकाठ

नोकरीनिमित्त मी काही वर्षे संगरूर भागात राहिलो. दोन्ही बाजूंना एक सांगावेसे वाटते की, ‘पंजाब’ असा एक सलग प्रदेश शेतीच्या दृष्टीने नाहीच. रावी आणि बियास यांच्या मधला ‘माझा’ नावाचा भाग, बियास आणि सतलज यांच्या मधला दुआबा आणि सतलजच्या दक्षिणेचा माळवा या तिन्ही भागांचे पाणी वेगळे आहे. अमृतसर, तरनतारनकडचा बासमती हमीभावावर नव्हे, निर्यातीच्या बाजारावर चालतो. दुआबात घराघरातले कोणी तरी कॅनडा-इंग्लंडला असल्यामुळे अनेक ठिकाणी जमीन खंडाने दिलेली आढळते. मुक्तसर, फाजिल्का पट्ट्यात भूजल खारे आहे आणि काही गावांत ते खोल जाण्याऐवजी वर येऊन जमीन चिबड करते. तेथला शेतकरी कपाशी घेत होता. 2015 मध्ये पांढऱ्या माशीने ती धुऊन नेली, पुढे गुलाबी बोंडअळी आली, आणि तो भाताकडे वळला. त्याला ‘भात सोड’ म्हणणाऱ्याने आधी त्याची कपाशी वाचवून दाखवावी.

पराळीची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. भूजल वाचावे म्हणून 2009 मध्ये कायदा झाला आणि 10 जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी आली. उन्हाळ्यात होणारे बाष्पीभवन टळावे हा हेतू योग्यच होता. परंतु पुसा-44 सारखे लोकप्रिय वाण तयार व्हायला, रोपवाटिकेचे दिवस धरून, सुमारे 160 दिवस घेत असल्यामुळे कापणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सरकली, आणि गव्हाची पेरणी तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत, कंबाइन यंत्राने उभे सोडलेले धसकट काढायचे कसे? गव्हाचा भुसा, ज्याला तिकडे तूडी म्हणतात, जनावरे आवडीने खातात. पण बासमती सोडून इतर भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असल्याने पंजाबी म्हशीला तो कोणी घालत नाही. पाणी वाचवणाऱ्या कायद्यातून अशा रीतीने धूर निघाला. पीआर-126 सारखे कमी दिवसांचे वाण आता पसरते आहे, आणि मला तरी तो मार्ग या संपूर्ण वादापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

(एक अवांतर. संत नामदेवांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे गाव मानले जाते, म्हणून 2015 चे मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. तिकडून परतलेल्या अनेकांनी हिरव्यागार शेतांचे वर्णन ‘पाच नद्यांची कृपा’ असे मला ऐकवले. त्या हिरवाईतला मोठा वाटा जमिनीखालून उपसलेल्या पाण्याचा आहे, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.)

सालदार

वरील तीनही प्रतिसादांत ‘शेतकरी’ हा शब्द आला आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ जमीनमालक, म्हणजे बहुतांशी जाट शीख, असा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास 32 टक्के, म्हणजे देशातल्या कोणत्याही राज्याहून अधिक आहे. त्यांच्या मालकीची जमीन मात्र अत्यल्प आहे. 1900 च्या जमीन हस्तांतर कायद्याने ‘शेतकरी जमाती’ ठरवून दिल्या आणि त्या यादीबाहेरच्यांना शेतजमीन घेणे जवळपास अशक्य केले. 1961 च्या कायद्याखाली गावच्या सामाईक लागवडयोग्य जमिनीपैकी एक तृतीयांश जमीन दलितांना खंडाने देण्यासाठी राखीव असते. पण लिलावात बोली दलिताच्या नावाने आणि नांगर दुसऱ्याचा, असे अनेक गावांत घडत आले, म्हणूनच संगरूर भागात त्या हक्कासाठी आंदोलने उभी राहिली. एका पंगतीत बसवणारे लंगर ज्या भूमीने जगाला दिले, तेथे कित्येक गावांत गुरुद्वारे आणि स्मशाने जातवार वेगळी आहेत, हेही नोंदवून ठेवावे.

भाताची लावणी बिहार-उत्तर प्रदेशातून येणारे मजूर आणि गावातले दलित करतात. भात गेले तर त्यांचा जून-जुलैचा रोजगार जातो. नुकसानभरपाईच्या चर्चेत त्यांचे नाव कोठे आहे?

शिवार

कोरडवाहू यांचा 1997 बद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. फुकट विजेचे पाप पंजाबच्या राजकारणाचेच आहे आणि मूळ प्रस्तावात ते टाळणे ही माझी चूक झाली. मात्र शेतकऱ्याने बदल नाकारला हे मान्य नाही. 2022 मध्ये पंजाब सरकारने उन्हाळी मूग हमीभावाने घेण्याची घोषणा केली, त्यावर विसंबून शेतकऱ्यांनी मूग पेरला, आणि बराचसा माल शेवटी व्यापाऱ्यांनी हमीभावाखाली उचलला. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढच्या हंगामात काय पेरील? राहता राहिला महाराष्ट्र. आपणही लागवडीच्या अगदी थोड्या क्षेत्रावरच्या उसाला सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा देतो, तेही अवर्षणग्रस्त तालुक्यांत. उसाला खात्रीचे गिऱ्हाईक आहे आणि ज्वारीला नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

कोरडवाहू

ऊस हे आपले पाप आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्यासाठी मी पंजाबकडे पैसे मागत नाही. मुगाचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथे शब्द राज्य सरकारने दिला होता. केंद्राने पैसे द्यायचेच असतील तर ते डाळी आणि तेलबियांच्या खात्रीच्या खरेदीसाठी द्यावेत, आणि ती खरेदी भटिंड्यात होईल त्याच नियमाने लातुरातही व्हावी. तसे झाले तर माझा विरोध संपला.

सालदार

खरेदीचा पैसा असो की भात सोडण्याचा एकरी मोबदला, तो कोणाच्या नावे जमा होणार हे आधी ठरवा. पंजाबात गिरदावरी, म्हणजे आपल्याकडची पीकपाहणी, बहुधा मालकाच्या नावाने लागते. ठेक्याने जमीन कसणाऱ्याचा करार तोंडी असतो आणि मजुराचा तर तोही नसतो.

शिवार

मग माझ्या प्रस्तावात दुरुस्ती करतो. एकरी मोबदल्याचा आग्रह मी सोडतो आणि कोरडवाहू यांची दोन्हीकडे सारख्या खरेदीची सूचना घेतो. माल विकताना ठेक्याने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याची नोंद त्याच्याच नावाने होईल, अशी अट त्यात घालावी लागेल, आणि त्या अटीला मालक आणि अडतिये दोघेही विरोध करतील. लावणीच्या मजुरांसाठी काय करावे याचे उत्तर माझ्याकडे नाही. गोदाकाठ यांनी तो भाग जवळून पाहिला आहे; मका किंवा कपाशीत भाताइतके दिवस काम मिळते का, हे त्यांनी सांगावे.