श्रीलंकेत आपलं वजन कशाने वाढलं? बी विंग ग्रुपवरची चर्चा

निखिल (बी-७०३): श्रीलंकेत आपलं वजन बळाने वाढतं की मैत्रीने, हा काल गच्चीवरचा विषय अर्धवट राहिला म्हणून इथे लिहितोय. माझं म्हणणं तेच आहे. जगात शेवटी आरमार आणि पैसा चालतो. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर बघा. चीनने बंदर बांधलं, श्रीलंका अडचणीत आली आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. आपण मात्र बुद्ध आणि क्रिकेट यांवरच विसंबून.

प्राची (बी-२०४): दादा, एक दुरुस्ती. त्या व्यवहारातले ११२ कोटी डॉलर बंदराचं कर्ज फेडायला गेले नाहीत, परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले. आणि श्रीलंकेवर सगळ्यात मोठा बोजा चीनचा नव्हता, आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता.

निखिल: बरं, पण बंदर त्यांच्या हातात आहे ना?

प्राची: हो, ते आहेच.

साठे काका (बी-१०१): निखिल, जरा मोठं लिहितो, पण वाच. बळ वापरून पाहण्याचा प्रयोग आपण श्रीलंकेत केलेला आहे. तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली लढाई थांबावी म्हणून २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना तिथे उतरली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर रायफलचा दस्ता हाणला. तिथल्या लोकांच्या मनात काय चाललंय हे त्या एका घावात दिसलं होतं. पुढे आपल्या चार डिव्हिजन तिथे गेल्या. ऑक्टोबरपासून एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी उघड लढाई जुंपली. तमिळांना आपण शत्रू वाटलो आणि सिंहलींना घुसखोर. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी सैन्य परत न्या म्हणून सांगितलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत.

मी तेव्हा नोकरीत होतो. शौर्यात आपली माणसं तसूभर कमी पडली नाहीत. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. एवढं रक्त सांडूनही त्या देशात आपला शब्द वजनदार झाला नाही. पुढची कित्येक वर्षं तिथे नुसतं पाऊल टाकायलाही आपण बिचकत होतो.

माधुरीताई (बी-५०२): काका, तुमचं वाचून गलबलून आलं. मी आरोग्य क्षेत्रातलं सांगते. २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून तिथे ‘सुवा सेरिया’ ही मोफत रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आधी पश्चिम आणि दक्षिण प्रांतात ८८ गाड्या, मग सगळ्या देशभर. दोन टप्प्यांचं मिळून जेमतेम २.२५ कोटी डॉलर. आपल्याकडे १०८ फिरवतो तसा तिथे १९९० फिरवायचा.

सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच विरोध केला, भारत यातून शिरकाव करतोय असा संशय होता. मग २०१८ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा करून स्वतंत्र संस्था काढली आणि सेवा त्यांच्याच हातात गेली. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच झाली. अपघातात पडलेल्या माणसापर्यंत गाडी घेऊन त्यांचीच मुलं पोहोचतात. तिथे संशयाला जागा उरत नाही.

सुधीर (बी-३०१): क्रिकेटलाही कमी लेखू नका. जानेवारी १९९६ मध्ये कोलंबोत सेंट्रल बँकेवर मोठा बॉम्बहल्ला झाला. विश्वचषकाचे सामने खेळायला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज तिथे गेले नाहीत. तेव्हा भारत-पाकिस्तानचा एकत्र संघ प्रेमदासा स्टेडियमवर उतरला. अझरुद्दीन कप्तान, वासिम अक्रम आणि आपला सचिन एकाच बाजूने! तिथले लोक हे विसरलेले नाहीत.

निखिल: सगळं पटतं. पण २०२२ चं काय? देश दिवाळखोरीत गेला, पेट्रोलला रांगा, पेराडेनिया रुग्णालयात औषधांअभावी नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आपण सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली. इंधन, अन्न, औषधं, सगळं दिलं. आणि ऑगस्टमध्ये आपण आक्षेप घेऊनही चीनचं युआन वांग ५ हे संशोधन जहाज हंबनटोटाला लागलंच. मग त्या मदतीचा उपयोग काय झाला?

प्राची: लागलं, खरं आहे. पण जानेवारी २०२४ पासून त्यांनी परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली. आणि चीनलाही तिथे फक्त कर्जदाता समजू नका. १९५२ मध्ये रबर घेऊन तांदूळ देण्याचा करार त्यांनीच केला होता. कोलंबोतलं भंडारनायके सभागृह १९७३ मध्ये त्यांनीच भेट दिलं. म्हणजे मनं जिंकायचं काम तेही सत्तर वर्षं करतायत.

आणखी एक. सॉफ्ट पॉवर, म्हणजे धाकाने नाही तर आपलेपणाने प्रभाव पाडणं, ही कल्पना मांडणारे जोसेफ नाय स्वतः अमेरिकेच्या संरक्षण खात्यात मोठ्या पदावर होते. सैन्य मोडीत काढा असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं.

साठे काका: माझंही नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. तमिळनाडू आणि अंदमान उद्ध्वस्त झालेले असताना आपल्या नौदलाची मदत काही तासांत श्रीलंकेकडे निघाली होती. युद्धनौका, हेलिकॉप्टरं, डॉक्टर. ऑपरेशन रेनबो नाव होतं. १९८७ ला जी जहाजं दहशत वाटायची, तशाच जहाजांची या वेळी लोक वाट पाहत होते. नौदल नसतं तर ही मदत पोहोचलीच नसती. निखिल, तुझ्या आरमाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ते कुणाच्या हाकेला धावतं, एवढंच मी बघतो.

निखिल: काका, हे मान्य. मग आता तिथे आपलं सगळं सुरळीत आहे असं म्हणायचं?

माधुरीताई: नाही रे. भारत आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत रोज बिघडतंय. तमिळनाडूचे मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत पलीकडे जातात आणि उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या छोट्या तमिळ मच्छीमारांची जाळी फाडतात. श्रीलंकेने तळ खरवडणारी मासेमारी २०१७ मध्ये कायद्याने बंद केली. मग त्यांचं नौदल आपल्या लोकांना पकडतं, बोटी जप्त करतं. इकडे रामेश्वरमच्या घरांतली कमावती माणसं तुरुंगात जातात, तिकडे ज्या तमिळांशी आपलं सगळ्यात जवळचं नातं, त्यांचीच जाळी जातात.

प्राची: ताई, त्या ट्रॉलरवाल्यांना खोल समुद्रातल्या मासेमारीच्या बोटी द्यायची सरकारी योजना आहे ना?

माधुरीताई: आहे, पण बोट महाग, कर्ज डोईजड आणि खोल समुद्रातलं काम त्यांच्या सवयीचं नाही. फार थोडे वळले. पैसा घालायचाच तर मी आधी या योजनेत घालेन.