एमएलएच१ मिथिलेशन: पुढचा अंदाज कळतो का, ब्लॉक कसा पाठवायचा?

सर्जन_यवतमाळ
पेशंट ५८ वर्षांचे, असेंडिंग कोलनचा कॅन्सर, टी३ एन० (गाठ आतड्याच्या स्नायूपलीकडे, पण लिम्फ नोडमध्ये नाही), १६ नोड तपासले, सगळे निगेटिव्ह. आयएचसीत (प्रोटीन रंगवून पाहण्याची तपासणी) एमएलएच१ आणि पीएमएस२ या डीएनए दुरुस्तीच्या प्रोटीनांचा लॉस. लॅब एमएलएच१चं मिथिलेशन (मिथाइलच्या खुणा बसून जनुक बंद पडणं) तपासायला सुचवते. आजार परत येईल का, हे त्यातून कळेल का, असं घरचे विचारतात. पेरणी तोंडावर आहे, जास्त तपासण्यांना पैसा नाही. आधी काय करावं? मे महिन्यात ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) पाठवला तर खराब होईल का?

पॅथो_वर्धा
सर, अंदाजाचा मोठा भाग तुमच्या हातात आधीच आहे. टी३ एन० आणि एमएमआर (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) डेफिशिएंट, म्हणजे परत येण्याचा धोका कमी. अशा पेशंटला नुसत्या कॅपेसिटाबिनचा (केमोची गोळी) फायदा होत नाही, तो खर्च आणि त्रास दोन्ही वाचवा.

मिथिलेशन सांगतं ते वेगळंच: एमएलएच१ गाठीतच गप्प झालं, की घराण्यात लिंच सिंड्रोम (वारशानं येणारा कॅन्सरचा धोका) आहे. आधी गाठीत बीआरएएफ जनुकाचं व्ही६००ई म्युटेशन तपासा. पॉझिटिव्ह आलं तर लिंचची शक्यता जवळपास संपते, तिथेच थांबा. निगेटिव्ह आलं म्हणून मात्र लिंच ठरत नाही, कारण मिथिलेशन झालेल्या बऱ्याच गाठींत बीआरएएफ नॉर्मल असतं. मिथिलेशन तेव्हा लागतं. लॅबला विचारा, प्रोमोटरचा (जनुक चालू-बंद करणारा भाग) जनुकालगतचा ‘सी’ भाग तपासता का? दूरच्या ‘ए’ भागाचं मिथिलेशन प्रोटीन शाबूत असतानाही दिसतं.

ब्लॉक_आणि_ब्लेड
ब्लॉकबद्दल. उन्हानं पॅराफिनमधला डीएनए लगेच जात नाही, पण बंद गाडीत मेण मऊ पडून ब्लॉकचा आकार बिघडतो. थर्माकोलच्या डब्यात, सावलीत पाठवा. बर्फ नको, ओल लागते.

खरं नुकसान आधीच झालेलं असतं. आतडं न उघडता छोट्या बरणीत कोंबलं, वर नळाच्या पाण्यात फॉर्मालिन मिसळलं, आणि नागपूरला कुणी जाईपर्यंत चार दिवस तसंच ठेवलं की आतला भाग सडतो आणि बाहेरचा डीएनए तुकडे तुकडे होतो. आतडं लांबीत उघडून धुवा. टिश्यूच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन घ्या आणि ४८ तासांच्या आत ग्रॉसिंग (नमुना पाहून तुकडे कापणं) करा.

ब्लॉक निवडताना एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर गाठीचा दाट भाग पेनानं गोल करा. अशा एमएसआय (एमएमआर गेल्यानं डीएनए अस्थिर झालेल्या) गाठीत लिम्फोसाइट फार असतात, त्यांचा मिथिलेशन नसलेला डीएनए मिसळून सिग्नल पातळ होतो. नेक्रोसिस (मेलेला भाग) आणि म्युसिनची (चिकट स्रावाची) तळी टाळा. १० मायक्रॉनचे ५ ते ८ सेक्शन पुरतात. प्रत्येक पेशंटला नवं ब्लेड वापरा.

मिथिलेशन तपासताना डीएनएवर बायसल्फाइट हे रसायन वापरतात. त्यानं डीएनएतला साधा सायटोसिन युरासिल होतो, मिथाइल असलेला तसाच राहतो. याच पायरीत डीएनए बराच तुटतो, म्हणून २०० ते ५०० नॅनोग्रॅमनं सुरुवात करावी आणि अँप्लिकॉन (पीसीआरनं वाढवायचा तुकडा) १५० बेसच्या आत ठेवावा. रूपांतर अर्धवट राहिलं की साधा सायटोसिन मिथिलेटेड म्हणून वाचला जातो. रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो आणि लिंचचं घराणं सुटून जातं! म्हणून पूर्ण मिथिलेटेड, अनमिथिलेटेड आणि नुसत्या पाण्याचा, असे तिन्ही कंट्रोल रिपोर्टमध्ये मागा. एसीटीबी (डीएनए पुरेसा आहे का हे दाखवणारं तुलनेचं जनुक) पीसीआरमध्ये उशिरा आलं तर तो नमुना ‘अपुरा’ म्हणायचा, ‘निगेटिव्ह’ नव्हे.

सर्जन_यवतमाळ
लॅब सीआयएमपी पॅनेलही (अनेक जनुकांचं मिथिलेशन एकत्र पाहणारी तपासणी) देते म्हणते. घ्यावं का?

पॅथो_वर्धा
इथे नको. सीआयएमपी-हाय आणि बीआरएएफ म्युटेशन असून एमएमआर शाबूत असेल, तर अंदाज वाईट असतो. तुमच्या पेशंटमध्ये एमएमआर गेलेलंच आहे, त्यामुळे सीआयएमपीनं निर्णय हलणार नाही. शिवाय प्रत्येक लॅबचे जनुक आणि कटऑफ वेगळे, दोन रिपोर्ट ताडून पाहता येत नाहीत.

बीआरएएफ आणि मिथिलेशन दोन्ही निगेटिव्ह आले तर रक्तातून जर्मलाइन (जन्मजात म्युटेशनची) तपासणी करा. म्युटेशन सापडलं तर भावंडांना आणि मुलांनाही तेवढीच तपासणी सांगा. ज्यांच्यात ते निघेल त्यांची कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी.

सर्जन_यवतमाळ
उद्या बीआरएएफ लावतो. ब्लॉकसोबत खूण केलेली स्लाइडही पाठवतो.