गाडीत पेनड्राइव्ह वाजेना? आपापले अनुभव लिहा

गगनबावड्याच्या घाटात रेंज गेली की मोबाइलवरची गाणी बंद. मग डॅशबोर्डमधला पेनड्राइव्ह आठवतो आणि स्टिरिओ म्हणतो 'नो फाइल'. कुणाचं दुखणं कशानं गेलं, ते लिहा. 'नवा स्टिरिओ बसवा' एवढं सोडून काहीही चालेल.

उचगावहून : ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर झकास, गाडीत मुका. तो एक्सफॅट होता, आमच्या जुन्या स्टिरिओला फॅट३२च लागतं (दोन्ही पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती). विंडोज १०च्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच येत नाही. वेगळं फुकट सॉफ्टवेअर घेऊन केलं. गाणी आधी दुसरीकडं काढून ठेवा बरं, फॉरमॅटमध्ये सगळं जातंय.

राजारामपुरी : माझा फॅट३२ असूनही वाचेना. त्यावर पूर्वी विंडोज टाकायचं काम केलेलं, त्यामुळं पार्टिशन, म्हणजे जागेची विभागणी, जीपीटी या नव्या पद्धतीचं राहिलेलं. एमबीआर या जुन्या पद्धतीचं केलं, लगेच गाणं सुरू.

मंगळवार पेठ : आबांना कीर्तन लागतं. आमच्याकडं आख्यान आधी आणि पूर्वरंग नंतर! फाइलींना ०१, ०२ आकडे घातले तरी तेच. काही स्टिरिओ नाव बघतच नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी लावतात. सगळं पुसून एकेक भाग क्रमानं कॉपी केला. कटकटीचं काम, पण आबा खूश. स्क्रीनवर मराठी नावांच्या जागी अजून चौकोनच दिसतात. दिसू देत, ऐकायचंय, वाचायचं कुठाय?

कळंबा : आधी दुसऱ्या पोर्टात लावून बघा. आमच्या गाडीत एक पोर्ट नुसतं चार्जिंगचं आहे. मेकॅनिककडं जायची गरजच नव्हती.

शाहूपुरी : भाच्यानं एम४ए या वेगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या फाइलींची नावं बदलून एमपी३ केली. भावा, पाटी बदलून दुकान बदलत नसतं! कन्व्हर्टरमधून काढा, मग वाजतील.

कागल : मॅकवरून गाणी भरलीत. प्रत्येक गाण्याबरोबर एक मुकी फाइल दिसते, स्टिरिओ तिथंच अडकतो. काय करू?

राजारामपुरी : नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोर असणार. मॅक त्या स्वतःच तयार करतो आणि लपवून ठेवतो. कुणाच्या तरी विंडोजवर लावा, लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि तेवढ्याच उडवा. गाण्यांना काही होत नाही.