अंबडला मोठ्या कंपनीत जॉइन होऊ का?

सिडकोकर: डिप्लोमा झालाय, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला ऑफर आलीये पण कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. आत वागणूक कशी मिळते कोणी सांगेल का?

सातपूरवाला: अशाच एका कंपनीत सहा वर्षं काढली भावा. काम शिकायला मिळतं हे नक्की, पण परमनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे युनिफॉर्म वेगळे, त्यामुळे कॅन्टीनमध्ये टेबलं पण आपोआप वेगळी व्हायची, ते मला शेवटपर्यंत लागलं. थर्ड शिफ्टला पहाटे चारला लाइन थांबली की सुपरवायझर आधी विचारणार चूक कोणाची, मशीनला काय झालं ते नंतर.

गंगापूररोड: सगळीकडे असं नाही हो. आमच्याकडे एका ऑपरेटरने सुचवलेलं फिक्स्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवायचं साधन) बसवलं आणि बोर्डावर त्याचं नाव लावलं.

सातपूरवाला: खरंय, डिपार्टमेंटवर असतं सगळं. पण भावा, पीएफचे तुझे १२ टक्के कापले तर तेवढेच मालकाचे पण भरायला लागतात, यूएएन (तुझा पीएफचा नंबर) ॲक्टिव्ह करून दर महिन्याला पासबुक बघत जा. आणि ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, सुट्टीत ॲडजस्ट करू म्हटले तर ऐकू नको.

सिडकोकर: थँक्यू दादा, उद्याच एचआरला विचारतो.