विषय: आईला घेऊन ला पास, कुणी राहिलंय का तिथे?

नमस्कार मंडळी,
ऑफिसच्या कामासाठी जूनपासून तीन महिने बोलिव्हियात, ला पासला राहायचं आहे. आई पुण्याहून इथे अमेरिकेत आली आहे, तीही सोबत येईल. वय ६८, पूर्ण शाकाहारी, बीपीची गोळी चालू. शहर ३,६०० मीटरवर आहे हे वाचूनच धास्ती बसली. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

*

उत्तर: आईला घेऊन ला पास

अरे, आम्ही दोन वर्षं होतो तिथे. आधी आईंच्या डॉक्टरांना विचार, मगच तिकीट काढ. ते हो म्हणाले तर एकच लक्षात ठेव: उतरल्या उतरल्या खाली जायचं.

विमानतळ एल आल्तोला, पठारावर, ४,००० मीटरच्याही वर. तिथून रस्ता वळणं घेत दरीत उतरतो. मधलं शहर ३,६०० च्या आसपास आणि दक्षिणेकडचा सोना सुर हा भाग आणखी तीनशे-चारशे मीटर खाली. आम्ही पहिल्या रात्री सोयीचं म्हणून वरच खोली घेतली होती. डोकं असं ठणकत होतं की पाणीसुद्धा पोटात ठरेना. दुसऱ्या दिवशी खाली सोना सुरमधल्या कालाकोतोला आलो आणि संध्याकाळी चार घास गेले. तेव्हा घर तिकडेच बघ. भाडं जास्त पडेल, कारण पैसेवाले खाली उबेला राहतात आणि कष्टकरी, बहुतेक तिथले मूळनिवासी आयमारा लोक, वर वाऱ्यात.

वर-खाली करायला २०१४ पासून रोपवे आहे. मौजेचा नव्हे, रोज कामावर जायचा. १० मार्ग, नावं रंगांची. आई रुळल्या की एखाद्या सकाळी एल आल्तोहून पिवळ्यात बसव, पुढे हिरवा पकडला की सोना सुर. वाटेत इयिमानी दिसतो, ६,४३८ मीटरचा, बर्फाने भरलेला. आम्ही रोज बघायचो, तरी दर वेळी बोलणं थांबायचं.

(कागदोपत्री राजधानी सुक्रे आहे बरं का. सरकार आणि संसद मात्र ला पासला.)

बाजारात आईंना करमेल. चोलिता, म्हणजे पारंपरिक वेशातल्या आयमारा बायका, चुण्यांचा घेरदार घागरा नि गोल टोपी घालून बटाट्यांचे ढीग मांडून बसतात: जांभळे, पिवळे, काळे. त्यातले सुरकुतलेले, दगडासारखे म्हणजे चुन्यो. रात्रीच्या हिवात गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे, वर्षानुवर्षं टिकतात. खरेदी झाली की ‘यापा’ माग, आपण भाजीवालीकडे कोथिंबीर वर मागतो तसं. हसून मूठभर जास्त घालतात.

शेंगदाण्याचं सूप मिळतं, सोपा दे मानी. दिसायला थेट दाण्याची आमटी, पण बहुतेकदा मांसाच्या रश्शात करतात. विचारल्याशिवाय आईंना देऊ नकोस.

जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा. आकाश निरभ्र, ऊन चटके देतं आणि रात्री पारा शून्याशी येतो. घरात हीटर आहे का ते आधी विचारून घे.

*

उत्तर: उत्तर: आईला घेऊन ला पास

काकू, मनापासून आभार! आईला वाचून दाखवलं, ती चुन्योवरच अडकली आहे. डॉक्टरांची वेळ घेतली. दोन शंका: उंची बाधू नये म्हणून तिथे कोकाच्या पानांचा चहा पितात, तो आईने घ्यावा का? आणि वरण-भाताचं कसं जमवलंत?

*

उत्तर: उत्तर: उत्तर: आईला घेऊन ला पास

चहा तिथे कायदेशीर आहे, पाहुण्यांना आवर्जून देतात. आईंच्या गोळीबरोबर चालेल का, तेही डॉक्टरांनाच विचार. परत येताना मात्र एक पुडीसुद्धा आणू नकोस, अमेरिकेत ती पानं बेकायदा आहेत.

तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात भाताला कणी राहते आणि डाळ तर शिजतच नाही. कुकर हवाच. इथे तीन शिट्ट्यांत होणाऱ्या तुरीला तिथे मला सहा-सात लागायच्या, तीही रात्री भिजवून. डाळ, हिंग, गोडा मसाला इथूनच ने.

माझा तिथला पाच लिटरचा कुकर अजून आहे. गॅस्केट नवीन घातलंय. रविवारी मराठी शाळेत घेऊन येते, आईंनाही आण.